मुळाचे माप

'रूट कॅनाल' नावाचा उपचार ज्यांनी करून घेतला आहे, त्यांना आपल्या दाताविषयी पुष्कळ गोष्टी सांगता येतात. किती वेळा जावे लागले, खर्च किती आला, दुखले की नाही, वर कॅप कोणती बसविली, हे सारे त्यांच्या ध्यानात असते. परंतु ज्या एका आकड्यावर त्या उपचाराचे यशापयश फार मोठ्या प्रमाणात अवलंबून होते, तो आकडा मात्र त्यांना ठाऊक नसतो. आणि असा काही आकडा असतो, हेही त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसते. दाताच्या मुळात हत्यार किती खोलवर न्यावयाचे आणि कोठे थांबवावयाचे, त्याचे मिलिमीटरांतील माप म्हणजे हा आकडा होय.

व्यापारात 'मापात पाप' नसावे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. वैद्यकातही तसेच म्हणावयास हवे. दंतमूलाचे हे माप एकाच साधनाच्या भरवशावर कधीही घेऊ नये, परस्परांवर अवलंबून नसलेली दोन साधने एकमताने जे सांगतील तेच ग्राह्य धरावे, आणि ठरलेले माप कागदावर लिहून रुग्णाच्या हाती द्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे मत का बनले, हे समजण्यासाठी प्रथम दाताच्या अंतरंगाकडे वळले पाहिजे.

दाताचे अंतरंग

दात हा वरून दगडासारखा दिसत असला तरी तो आतून पोकळ आहे. वरच्या कठीण कवचाखाली दंतिन नावाचा जाड थर असतो आणि त्याच्या मध्यभागी एक लहानशी खोली असते. ह्या खोलीतून प्रत्येक मुळात एक वा अधिक बारीक बोगदे उतरत जातात. खोलीत आणि बोगद्यांत रक्तवाहिन्या, मज्जातंतू व मऊ पेशी यांचा जो पदार्थ भरलेला असतो त्यास दंतमज्जा म्हणतात. सामान्य लोक त्यालाच दाताची 'नस' म्हणून ओळखतात. कीड खोलवर गेली म्हणजे जंतू ह्या खोलीत शिरतात, दंतमज्जा सुजते, कालांतराने मरते, आणि तिच्या अवशेषांवर वाढलेले जंतू मुळाच्या तळाशी असलेल्या हाडापर्यंत आपला उपद्रव पोहोचवितात. रात्र रात्र झोपू न देणारा ठणका, हिरडीवर येणारी पुळी, सुजलेला गाल, ही सर्व त्याचीच चिन्हे होत.

अशा वेळी पूर्वी एकच मार्ग ठाऊक होता, तो म्हणजे दात उपटणे. आजही खेडोपाडी आणि शहरातील गरीब वस्त्यांत पुष्कळ लोक तोच पत्करतात. रूट कॅनाल उपचार हा त्यास पर्याय आहे. ह्यात दाताच्या माथ्यास छिद्र पाडून आतील सडका पदार्थ काढतात, बोगदे बारीक कानशींनी घासून रुंद करतात, जंतुनाशक द्रवाने धुतात आणि शेवटी गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने ते ठासून बंद करतात. ह्या कानशींना दंतवैद्य 'फाईल' म्हणतात. त्या इतक्या सडपातळ असतात की, १० क्रमांकाच्या फाईलचे टोक केवळ ०.१० मिलिमीटर जाडीचे असते. प्रत्येक फाईलवर रबराची एक चकती सरकवलेली असते. ठरलेल्या मापावर ती लावली, की चकती दाताच्या माथ्यास टेकताच हत्यार थांबते. पण ती चकती कोठे लावावयाची, हाच सगळा प्रश्न आहे.

आखूड आणि लांब

हत्यार आखूड पडले, तर मुळाच्या तळाशी सडका पदार्थ व जंतू तसेच शिल्लक राहतात. दात वरून सुंदर दिसतो, रुग्ण समाधानाने घरी जातो, आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी तोच दात पुन्हा ठणकू लागतो. उलट हत्यार लांब गेले, तर ते मुळाबाहेर हाडात शिरते. जंतू आणि घाण पुढे ढकलली जाते. धुण्याचा द्रव बाहेर पडला तर तीव्र वेदना व सूज येते. आणि भरावयाचा पदार्थ नको त्या जागी जाऊन बसतो. म्हणजे येथे 'थोडे इकडे तिकडे' असे म्हणून चालत नाही. आपल्याकडील सुतार ज्याला सूत म्हणतो, ते माप इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर असते. लाकडाच्या चौकटीत एका सुताची चूक खपून जाईल. दंतमूलात तिने उपचार फुकट जाईल.

ह्या म्हणण्यास संशोधनाचा आधार आहे. स्वीडनमधील स्योग्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारानंतर आठ ते दहा वर्षांनी रुग्णांची तपासणी करून त्यांनी परिणाम नोंदविले होते. दंतमज्जा मृत झालेल्या व मुळाच्या टोकाशी विकार असलेल्या दातांत, भरण टोकापासून दोन मिलिमीटरांच्या आत थांबले होते तेथे ९४ टक्के यश मिळाले. ते टोकाबाहेर गेले होते तेथे ७६ टक्के. आणि दोन मिलिमीटरांहून अधिक आखूड राहिले होते तेथे केवळ ६८ टक्के. म्हणजे शंभर दातांमागे सुमारे पंचवीस दातांचे भवितव्य ह्या एवढ्याशा अंतरात दडलेले असते, असे त्या अभ्यासातून दिसते.

थांबावयाचे कोठे, याचे उत्तरही वाटते तितके सोपे नाही. मुळाचे टोक, बोगद्याचे तोंड आणि बोगद्याची सर्वांत अरुंद जागा ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मेक्सिकोतील युरी कुटलर यांनी १९५५ मध्ये दंतमूलांच्या सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोगद्याचे बाहेरचे तोंड बहुसंख्य मुळांत नेमके टोकावर नसून बाजूला सरकलेले असते, आणि त्या तोंडाच्या किंचित आत बोगदा बाटलीच्या गळ्याप्रमाणे अरुंद होतो, असे त्यांना आढळले. गळ्यापासून तोंडापर्यंतचे अंतर तरुणांत सरासरीने सुमारे अर्धा मिलिमीटर आणि पंचावन्नपुढील वयात सुमारे दोनतृतीयांश मिलिमीटर भरले. उपचार थांबावा तो ह्या गळ्याशी, असे सामान्यतः मानले जाते. कारण तेथे थांबल्यास बाहेरील जिवंत ऊतींस इजा होत नाही आणि आत घाणही उरत नाही. परंतु हा गळा कोणत्याही दंतवैद्यास डोळ्यांनी दिसत नाही. त्यास तो ताडावा लागतो.

सरासरीचा मनुष्य

ताडण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे सरासरी. दंतशास्त्राच्या ग्रंथांत प्रत्येक दाताची सरासरी लांबी दिलेली असते. वरचा मधला पटाशीचा दात सुमारे साडेबावीस मिलिमीटर, वरचा सुळा त्याहून लांब, सुमारे साडेसव्वीस मिलिमीटर, याप्रमाणे. हे आकडे खोटे नाहीत, पण ते कोणाचेही नाहीत.

चंदीगडमध्ये राहणाऱ्यास ही गोष्ट चटकन पटावी. १९५१ पासून ह्या नगराची आखणी ज्याच्या हाती आली, त्या ल कॉर्ब्यूझिए ह्या वास्तुविशारदाने 'मॉड्युलर' नावाची एक मोजपट्टी तयार केली होती. १८३ सेंटिमीटर उंचीचा एक कल्पित मनुष्य उभा आहे, त्याने हात वर केला की तो २२६ सेंटिमीटरांपर्यंत पोहोचतो. आणि ह्या मनुष्याच्या प्रमाणात दारे, छपरे, खिडक्या असाव्यात, अशी ती कल्पना. येथील राजधानी संकुलाच्या रचनेत हेच प्रमाण वापरले गेले. इमारतीसाठी अशी कल्पना उपयोगी पडते, कारण दार उंच असले तरी बुटका मनुष्य त्यातून सुखाने जाऊ शकतो. परंतु दाताचे मूळ हे दार नव्हे. तेथे सरासरीहून दोन मिलिमीटर आखूड असलेल्या मुळात सरासरीचे हत्यार गेले, तर ते हाडातच जाणार.

शिवाय एका दाताचे माप एकच असते, असेही नाही. वरच्या पहिल्या दाढेस तीन मुळे असतात आणि त्यांत बहुधा चार बोगदे सापडतात. प्रत्येक बोगद्याचे माप निराळे. म्हणून सरासरीचा उपयोग एवढाच की, प्रथम फाईल आत घालताना ती कोठे पोहोचेल याचा काहीएक अदमास यावा. त्यापुढे सरासरीवर विसंबणे म्हणजे 'अंदाजपंचे दाहोदरसे' असा कारभार होय.

सावलीचे माप

दुसरी रीत क्ष-किरणांची. राँटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि चारच वर्षांनी, १८९९ मध्ये, अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथील एडमंड केल्स ह्या दंतवैद्याने मुळाची लांबी ठरविण्यासाठी त्यांचा उपयोग केला. ह्या अग्रदूताने त्याची फार मोठी किंमत मोजली. किरणांपासून संरक्षण कसे करावे हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. त्यांच्या माऱ्याने केल्सला आपली बोटे व पुढे हात गमवावा लागला. आज दंतवैद्य रुग्णाचे एक लहानसे चित्र सहज घेतो, त्यामागे असा इतिहास आहे.

पुढे जॉन इंगल ह्या अमेरिकन दंतवैद्याने १९५७ मध्ये ह्या रीतीला व्यवस्थित रूप दिले. आधी घेतलेल्या चित्रावर दाताची लांबी मोजावयाची, सुरक्षिततेसाठी त्यातून एक मिलिमीटर वजा करावयाचा, तेवढी फाईल आत ठेवून पुन्हा चित्र घ्यावयाचे, आणि फाईलचे टोक मुळाच्या टोकापासून किती दूर दिसते हे पाहून माप सुधारावयाचे, अशी ती रीत. पुष्कळ रुग्ण तक्रार करतात की, 'एकदा फोटो काढला होता, मग पुन्हा कशाला?' त्याचे उत्तर ह्यात आहे. पहिल्या चित्राने रोग कळला. दुसऱ्याने माप घेतले. आणि किरणांच्या भीतीविषयी म्हणावयाचे, तर आधुनिक साधनांनी घेतलेल्या एका लहान दंतचित्रातून मिळणारे प्रारण हे निसर्गातून आपणांस एका दिवसात मिळणाऱ्या प्रारणाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. आवश्यक चित्र टाळण्याइतके ते भयंकर नाही. अनावश्यक चित्र घेण्याइतके क्षुल्लकही समजू नये.

तथापि क्ष-किरणांचे चित्र म्हणजे अखेर सावलीच. चंदीगडच्या राजधानी संकुलातच ल कॉर्ब्यूझिएच्या कल्पनेतील 'छायामनोरा' उभा आहे. सूर्य जसजसा सरकतो तसतशा त्यातील छाया बदलतात; मनोरा आहे तेथेच असतो. दातांच्या चित्राचेही तसेच आहे. किरणांचा कोन थोडा बदलला की मुळाची सावली लांबते वा आखूड होते. मूळ डावी-उजवीकडे वळलेले असेल तर चित्रात दिसते, पण गालाकडे वा जिभेकडे वळलेले असेल तर ते वळण सावलीत हरवून जाते. वरच्या दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडाची छाया पडते. १५ क्रमांकाहून बारीक फाईलचे टोक चित्रात नीट दिसत नाही. आणि बोगद्याचे तोंड बाजूला उघडत असेल, तर चित्रात फाईल मुळाच्या आत आहे असे दिसत असतानाच प्रत्यक्षात ती बाहेर पडलेली असू शकते. सावली खोटे बोलत नाही. परंतु ती सर्व काही सांगतही नाही.

विजेचे माप

तिसरी रीत विजेची. १९४२ मध्ये जपानमधील सुझुकी यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत असे आढळले की, मुळातील हत्यार आणि तोंडातील ओलसर अस्तर यांमधील विद्युत्-रोध एका ठरावीक मूल्यावर स्थिर राहतो. सुनादा यांनी १९६२ मध्ये हीच गोष्ट मनुष्यावर पडताळून मुळाची लांबी मोजण्याची नवी रीत म्हणून मांडली. त्यांनी दिलेले रोधाचे मूल्य सुमारे साडेसहा किलोओहम होते. आणि ते रुग्णाच्या वयावर वा दाताच्या प्रकारावर अवलंबून नव्हते, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट.

ह्यामागील तत्त्व साधे आहे. दाताचे दंतिन विजेस सहजासहजी वाट देत नाही. ओठास एक आकडा अडकवितात आणि फाईलला दुसरी तार जोडतात. रुग्णास जाणवणारही नाही इतका क्षीण प्रवाह त्यातून सोडतात. फाईलचे टोक बोगद्याच्या आत असेतो प्रवाहास अडथळा अधिक असतो. ते तोंडापाशी येऊन बाहेरील ओल्या ऊतींस भिडू लागले की अडथळा झपाट्याने उतरतो आणि यंत्र सूचना देते. क्ष-किरण मुळाची बाह्याकृती दाखवितात. हे यंत्र बोगद्याचे तोंड शोधते. म्हणूनच दोन्ही रीती एकमेकींच्या पूरक आहेत.

पहिल्या यंत्रांत एक मोठी उणीव होती. बोगद्यात रक्त, क्षारद्रव वा जंतुनाशक असेल तर ती फसत. बोगदा कोरडा केल्यावाचून ती वापरता येत नसत. दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांचे प्रवाह एकाच वेळी सोडून त्यांच्या रोधांचे गुणोत्तर काढण्याची युक्ती पुढे जपानमध्येच निघाली. कोबायाशी व सुदा यांनी १९९४ मध्ये तिचे विवेचन प्रसिद्ध केले. द्रवाचा परिणाम दोन्ही मोजमापांवर होत असल्याने गुणोत्तरात तो बव्हंशी निघून जातो. तराजूची दोन्ही पारडी सारखीच ओली झाली तर तोल बिघडत नाही, असेच काहीसे हे आहे.

लहान मुलांच्या दुधाच्या दातांत ह्या यंत्राचे महत्त्व विशेष आहे. त्या दातांची मुळे खालून येणाऱ्या कायमच्या दातासाठी हळूहळू झिजत जातात. मुळाचे टोक रोज जागा बदलत असते आणि त्याच्या पलीकडेच नव्या दाताचा कोंब असतो. तेथे हत्यार लांब जाणे म्हणजे आज दुखणाऱ्या दातापायी उद्याच्या दातास धोका पोहोचविणे होय. शिवाय लहान मूल चित्रासाठी तोंड उघडून स्वस्थ बसेल, याचा भरवसा नसतो.

परंतु यंत्रावरही आंधळा विश्वास नको. फाईल धातूच्या जुन्या भरणास टेकली तर प्रवाह आडवाटेने जातो आणि यंत्र चुकीचे सांगते. मुळाचे तोंड झिजून रुंद झाले असेल तरी ते गोंधळते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पडद्यावर दिसणारा '०.५' हा आकडा म्हणजे अर्धा मिलिमीटर नव्हे. ती केवळ एक खूण आहे. आकडा दिसला म्हणून ते माप ठरत नाही.

हाताचा गुण

यावर काही अनुभवी दंतवैद्यांचे म्हणणे असे की, वर्षानुवर्षे काम केल्यावर हातालाच सारे कळते. फाईल गळ्याशी अडकली की बोट सांगते. ह्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. चांगल्या वैद्याचा हात हे स्वतःच एक साधन असते. परंतु बोगदा मध्येच अरुंद वा वाकडा असेल तर हाताला तेथेच गळा लागल्याचा भास होतो; आणि दीर्घकाळच्या विकाराने गळाच झिजून गेला असेल तर हाताला काहीच लागत नाही. ज्या दातांत अचूकतेची गरज सर्वांत अधिक, तेथेच हा गुण दगा देण्याचा संभव अधिक, असा हा विरोधाभास आहे.

शिवाय माप एकदा घेतले की काम संपले, असेही नाही. वाकडा बोगदा घासता घासता थोडा सरळ होतो. वळणाच्या वाटेपेक्षा सरळ वाट आखूड, म्हणून मापही घटते. ज्या उंचवट्यापासून माप घेतले तो उंचवटा दोन भेटींमध्ये तुटला तर माप निराधार होते. म्हणून हात, सावली व वीज यांची साक्ष पुन्हा पुन्हा काढावी लागते. न्यायालयात एका साक्षीदारावर निकाल देण्यास न्यायाधीश कचरतो. दंतवैद्यानेही तसेच कचरावे, यात त्याच्या कौशल्याचा अवमान नाही.

शब्दाचा प्रश्न

प्रस्तुत लेखक मराठी भाषेचा अभ्यासक आहे, दंतवैद्य नव्हे. म्हणून आपल्या प्रांतातील एक गोष्ट येथे मांडणे त्यास अवश्य वाटते. ह्या मापास इंग्रजीत जे नाव आहे त्याचे शब्दशः भाषांतर 'कार्यकारी लांबी' असे होते. कानास ते भारदस्त वाटते, पण वाचणाऱ्यास काहीच सांगत नाही. कार्यकारी अभियंता असतो, कार्यकारी मंडळ असते; लांबी कसली कार्य करणार? त्याऐवजी 'उपचार-लांबी' म्हटल्यास उपचार जेथपर्यंत करावयाचा ती लांबी, हा अर्थ शाळेत शिकणाऱ्या मुलासही कळेल. तसेच मुळाचे टोक, बोगद्याचे तोंड आणि बोगद्याचा गळा हे तीन साधे शब्द तीन निराळ्या जागांसाठी कटाक्षाने वापरले पाहिजेत. तिन्हींस सरसकट 'टोक' म्हणण्याची सवय आहे, आणि शब्दांच्या ह्या सैलपणातूनच मापाचा सैलपणा उद्भवतो.

कोणी म्हणेल, दंतवैद्यकाचे शिक्षण इंग्रजीत होते, मग मराठी शब्दांची आवश्यकता काय? भारतातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास काढले. मुंबईस नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले, नागपूरचे शासकीय महाविद्यालय १९६८ मध्ये. तेथील विद्यार्थी इंग्रजीत शिकले हे खरे. पण त्यांच्यासमोर खुर्चीत बसणारा रुग्ण नांदगावचा वा भिवापूरचा असतो. त्याची संमती घ्यावयाची, त्यास दुसऱ्या चित्राची गरज पटवावयाची, अर्ध्यावर उपचार सोडू नको असे सांगावयाचे, ते त्याच्याच भाषेत. ज्यास समजले नाही तो एक तर घाबरून उठून जातो, नाही तर 'काढूनच टाका ती दाढ' म्हणतो. अशा रीतीने गेलेला दात हा काही अंशी भाषेच्या दारिद्र्याचा बळी असतो.

आता काय व्हावे

ह्या विवेचनावरून तीन सूचना निघतात.

पहिली ही की, प्रत्येक दंत महाविद्यालयात व सार्वजनिक दवाखान्यात दोन स्वतंत्र साधनांचे एकमत झाल्यावाचून उपचार-लांबी निश्चित मानू नये, असा दंडक असावा. गर्दी फार, वेळ थोडा, ही अडचण खरी आहे. परंतु चुकलेल्या मापाचा रुग्ण पुन्हा त्याच रांगेत येतो आणि दुसऱ्या वेळचे काम पहिल्याहून कठीण असते. घाईने वेळ वाचत नाही. तो पुढच्या वर्षाच्या खात्यावर टाकला जातो.

दुसरी सूचना नोंदीविषयी. केसपेपरवर दाताचे नाव, प्रत्येक बोगद्याची उपचार-लांबी, आणि ती कोणत्या उंचवट्यापासून मोजली, एवढे तीन तपशील लिहून त्याची एक प्रत रुग्णास द्यावी. लष्करात, बँकांत व केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्यांच्या बदल्या होत असतात. समजा, एखाद्या मराठी जवानाचा उपचार नागपुरास सुरू झाला आणि मध्येच त्याची बदली चंडीमंदिरच्या छावणीत झाली. त्याच्या खिशात 'वरची उजवी पहिली दाढ, टाळूकडील बोगदा २१ मिलिमीटर, टाळूकडील उंचवट्यापासून' अशी चिठ्ठी असेल, तर नव्या दंतवैद्यास निदान कोठून आरंभ करावयाचा ते कळेल. तो स्वतः पुन्हा मोजेलच. पण मग मागील माप हाच त्याचा एक साक्षीदार होईल.

तिसरी सूचना यंत्रांविषयी. भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का असावा लागतो आणि तो वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. अर्धा किलो वांग्यांच्या मापाविषयी आपण इतके दक्ष आहोत. दंतमूलाची लांबी सांगणाऱ्या यंत्रावर बाजारात येताना २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांचे नियंत्रण असते. पण दवाखान्यात पाच-सात वर्षे वापरल्यावर ते अद्याप खरे सांगते की नाही, हेही वेळोवेळी कोणी तरी पाहिले पाहिजे. येथे चंदीगडचे स्मरण पुन्हा होते. सुनादांनी आपली रीत ज्या १९६२ मध्ये मांडली, त्याच वर्षी केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना दिल्लीहून ह्या नगरात आली आणि त्याच वर्षी येथे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाली. पहिल्या संस्थेने पुढे 'तेजस' विमानाच्या वैमानिकासमोर उड्डाणाची माहिती दाखविणारे उपकरण घडविले. दुसऱ्या संस्थेत मौखिक आरोग्य विज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे, आणि पंजाब विद्यापीठाची दंतविज्ञान संस्थाही २००६ पासून ह्याच नगरात आहे. मोजणारे आणि मोजून घेणारे असे हाकेच्या अंतरावर असताना, दंतमापन यंत्रांच्या तपासणीची स्वस्त व सोपी पद्धत येथे सिद्ध होऊन ती लातूरच्या वा गडचिरोलीच्या दवाखान्यापर्यंत पोहोचावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

राहता राहिला रुग्ण. त्याने दंतवैद्याची परीक्षा घ्यावी, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु पुढच्या वेळी खुर्चीत बसल्यावर 'डॉक्टर, माझ्या दाताची उपचार-लांबी किती आली, आणि ती कशाकशाने मोजली?' एवढा प्रश्न त्याने नम्रपणे विचारावा. चांगल्या दंतवैद्यास ह्या प्रश्नाने आनंदच होईल, कारण त्याचे न दिसणारे कष्ट कोणाच्या तरी लक्षात आले. आणि ज्याने मोजलेच नसेल, तो निदान पुढच्या रुग्णाचे माप घेतल्यावाचून राहणार नाही.